पत : मिलवॉकीच्या अलेक्झांडर मिचेलची गोष्ट

(दृश्य : जुना, कडा झिजलेला छापील कागद. कॅमेरा सावकाश सह्यांकडे सरकतो.)

हा कागद दिसतो नोटेसारखा, पण नोट नाही. यावरचा मजकूर एवढाच, की अमुक माणसाने या संस्थेत 1 डॉलर ठेव म्हणून ठेवला आहे आणि मागताक्षणी तो परत मिळेल. खाली दोन सह्या आहेत. अध्यक्ष जॉर्ज स्मिथ आणि सचिव अलेक्झांडर मिचेल. 1840 च्या दशकात अमेरिकेच्या तेव्हा वायव्य म्हणवल्या जाणाऱ्या भागातल्या शेतकऱ्यांनी गहू विकून हा कागद घेतला, दुकानदारांनी मीठ-साखर देऊन घेतला, मजुरांनी मजुरी म्हणून घेतला. आणि ज्या कंपनीने तो काढला, तिला बँकेचा धंदा करायला कायद्याने परवानगी नव्हती.

आपल्या भाषेत 'पत' हा फार नेमका शब्द आहे. बाजारात मिळणारी उधारी ती पत, आणि माणसाच्या शब्दाला असलेला मान तीही पत. मिचेलचं सगळं आयुष्य या एका शब्दाभोवती फिरलं.

(दृश्य : स्कॉटलंडचा ईशान्य किनारा, दगडी घरं.)

अलेक्झांडर मिचेलचा जन्म 18 ऑक्टोबर 1817 चा, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनशायरच्या एलन गावातला. थोडं कायद्याचं शिक्षण झालं, मग पीटरहेडच्या बँकेत कारकुनी. वहीत आकडे उतरवायचे, दिवसाअखेर रोकड जुळवायची. हे काम त्याच्या हाताला असं काही बसलं, की पुढे अर्धशतक सुटलं नाही.

त्याच अ‍ॅबर्डीनशायरमधला जॉर्ज स्मिथ 1834 मध्ये शिकागोला पोचला होता. चिखलातलं गाव होतं ते तेव्हा. स्मिथने जमिनी घेतल्या, विकल्या, नफा केला, आणि मायदेशी परतून ओळखीच्या लोकांकडून भांडवल उभं केलं. स्कॉटिश बचतीचा पैसा मिशिगन सरोवराच्या काठी आला तो असा. आता तो सांभाळायला विश्वासाचा माणूस हवा होता.

1839 मध्ये एकवीस वर्षांचा मिचेल याच सरोवराकाठच्या, विस्कॉन्सिन प्रदेशातल्या मिलवॉकीत उतरला. पुढच्या वर्षीच्या जनगणनेत या गावची वस्ती भरली 1,712.

(दृश्य : विस्कॉन्सिन प्रदेशाचा जुना नकाशा.)

त्या वेळी विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा नव्हता, आणि बँक या शब्दाचीच लोकांना चीड होती. 1837 च्या मंदीने देशभर बँका बुडाल्या होत्या. कोणीही उठावं, नोटा छापाव्यात आणि कागद लोकांच्या हातात ठेवून नाहीसं व्हावं, असे दिवस. ज्याच्या हातात शेवटी कागद राहील, तो बुडाला. गरिबाकडे चार नोटांपलीकडे काही नसायचं, त्यामुळे घाव नेमका त्याच्यावर बसे. ती चीड अगदी रास्त होती.

म्हणून स्मिथने विमा कंपनीची सनद मागितली. विस्कॉन्सिन मरीन अँड फायर इन्शुरन्स कंपनी. फेब्रुवारी 1839 मध्ये ती मंजूर झाली. सनदेत ठेवी घ्यायला मुभा होती, कर्ज द्यायला मुभा होती, आणि यातून बँकेचे अधिकार मिळत नाहीत असंही बजावलेलं होतं. स्मिथ-मिचेल जोडीने ठेवीची पावतीच छापली. एक डॉलरची, तीन डॉलरची, पाच डॉलरची. पावती हातोहात फिरू लागली. लोक तिला 'जॉर्ज स्मिथचा पैसा' म्हणायला लागले.

ही पळवाट होती, यात शंका नाही. तरी पळवाटेतून आलेला कागद लोकांनी का घेतला, ते समजून घ्यायला हवं. पावती घेऊन कोणीही, कधीही मिलवॉकीच्या गल्ल्यावर जावं, आणि मिचेलने समोर सोनं-चांदी मोजून द्यावं, असा शिरस्ता होता. शिकागोतही पैसे मिळत. पुढे सेंट लुईस, डेट्रॉइट, सिनसिनाटीपर्यंत सोय झाली. 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात सुमारे 15 लाख डॉलरच्या पावत्या होत्या. मूळ धारणा एकच : सगळे लोक एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत.

पण आले तर?

(दृश्य : रेखाचित्र. दारासमोर गर्दी. आवाजांचा कल्लोळ.)

1849 मध्ये ते घडलं. कंपनी बुडाल्याची अफवा पसरली. प्रतिस्पर्धी बँकांना या पावत्या डोळ्यांत खुपत होत्या, त्या साठवून एकदम वटवायला पाठवायच्या हा त्यांचा जुना डाव. मिलवॉकीत दारापुढे रांग लागली. मिचेलने दार बंद केलं नाही. नाणी मोजली जात राहिली, शिकागोहून स्मिथची मदत येत राहिली. ज्याला पैसे हवे होते, त्याला ते मिळाले. मग रांग विरली, आणि लोक त्याच पावत्या पुन्हा मागू लागले. मला या माणसाच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा दिवस वाटतो. पुढचे महाल, रेल्वे, काँग्रेसमधली म्हणजे अमेरिकी संसदेतली जागा, सगळं या दिवसाच्या पुण्याईवर उभं आहे.

याआधीच कायद्याने त्याला घेरलं होतं. 1846 मध्ये विधिमंडळाने कंपनीची सनद रद्द केली. कंपनी चालूच राहिली. त्याच वर्षी नव्या राज्याची घटना लिहायला सभा भरली, तिथे रॅसिन गावचा एक वकील उभा राहिला. एडवर्ड रायन. आयर्लंडहून आलेला, तापट, बोलण्यात धारदार. बँकांवर सरसकट बंदी घालणारं कलम त्याच्या समितीने मांडलं. लोकांनी 1847 मध्ये तो मसुदा मतदानात फेटाळला, पण रायन हे नाव लक्षात ठेवा.

1848 मध्ये विस्कॉन्सिन राज्य झालं. 1852 मध्ये लोकांच्या कौलाने बँकांना रीतसर वाट मिळाली, आणि मिचेलची कंपनी उघडपणे बँक झाली. लवकरच स्मिथने आपला वाटा मिचेलला विकला. स्मिथ पुढे ब्रिटनला परतला. मिचेल मिलवॉकीचाच झाला. 1841 मध्ये मार्था रीडशी लग्न झालं होतं, मुलं इथली होती, आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर दगड सरकवण्याचा स्कॉटिश खेळ, कर्लिंग, तोही इथे रुजला होता.

(दृश्य : 24 जून 1861. फुटलेल्या काचा.)

फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांशी यादवी युद्ध सुरू झालं होतं. विस्कॉन्सिनच्या बँकांनी आपल्या नोटांना तारण म्हणून दक्षिणेतल्या राज्यांचे रोखे ठेवले होते. युद्धाबरोबर रोखे कोसळले, नोटांखालची जमीनच सरकली. मिलवॉकीच्या बँकवाल्यांनी लोकांना धीर दिला, की ठरलेल्या यादीतल्या बँकांच्या नोटा आम्ही घेत राहू. आणि मग अचानक त्यातल्या दहा बँका यादीतून काढल्या. शनिवारी कामगारांच्या हातात आठवड्याची मजुरी पडली ती नेमक्या याच नोटांत. सोमवारी कामगार, त्यांत बरेचसे जर्मन, चालून आले. मिचेल आणि महापौर समजूत घालायला पुढे झाले, त्यांच्यावर दगड आले. बँकेच्या खिडक्या फुटल्या, सामान रस्त्यावर येऊन पेटलं. सैन्य बोलवावं लागलं.

बारा वर्षांपूर्वी याच मिचेलने रांगेतल्या प्रत्येकाला पैसे मोजले होते. पण कामगारांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या घामाचा पैसा रविवार उलटेपर्यंत कागद झाला होता. पुढे बँकांनी दक्षिणेच्या रोख्यांच्या जागी विस्कॉन्सिनचे युद्धरोखे घेतले, आणि नोटा सावरल्या.

(दृश्य : वाफेचं इंजिन, गव्हाची शेतं.)

1865 मध्ये मिचेल मिलवॉकी अँड सेंट पॉल रेल्वेचा अध्यक्ष झाला, आणि मरेपर्यंत राहिला. त्याच्या हयातीत ही रेल्वे पाच हजार मैलांच्या घरात गेली. काही काळ तर स्पर्धक असलेल्या शिकागो अँड नॉर्थवेस्टर्नचं अध्यक्षपदही त्याच्याकडेच होतं. शेतकऱ्याचा गहू कुठल्याही वाटेने निघो, भाडं ठरवणारा माणूस एकच.

त्या रुळांखाली एक जुनं दुःख आहे. 1850 च्या दशकात विस्कॉन्सिनच्या सुमारे 6 हजार शेतकऱ्यांनी शेतं गहाण टाकून रेल्वे कंपन्यांचे भाग, म्हणजे शेअर, घेतले होते. कंपन्या बुडाल्या, भाग मातीमोल झाले, गहाणखतं मात्र तशीच राहिली. पुढे त्याच मार्गांवर नव्या कंपनीच्या गाड्या धावल्या, आणि गहाण शेताच्या बांधावर उभा राहून शेतकरी त्या पाहत होता. ते कर्ज मिचेलने काढलेलं नव्हतं. पण त्या मोडक्या कंपन्यांतून जे घडलं, त्याचा लाभ त्याच्या रेल्वेला झाला.

1874 मध्ये विधिमंडळाने रेल्वेभाड्यावर मर्यादा घालणारा पॉटर कायदा केला. मिचेलने गव्हर्नर विल्यम टेलरना पत्र लिहून कळवलं, की आमची कंपनी या कायद्याप्रमाणे भाडी लावणार नाही. काँग्रेसचा सदस्य असलेला माणूस हे लिहीत होता. 1846 मध्ये सनद रद्द झाली तेव्हाही तो थांबला नव्हता, आणि लोक त्याच्या बाजूने होते. या वेळी लोक समोर होते.

प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीशाच्या खुर्चीत नुकताच बसला होता एडवर्ड रायन. आदल्याच वर्षी कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे त्याने सवाल टाकला होता : राज्य कोणाचं चालणार, संपत्तीचं की माणसाचं? सप्टेंबर 1874 मध्ये निकाल आला. कायदा वैध, रेल्वेने तो पाळायचा. मिचेलला तो पाळावा लागला. दोन वर्षांत विधिमंडळाने कायदा बराच सैल केला, पण राज्याला हा अधिकार आहे ही गोष्ट निकालाने कायम झाली. मिचेलबद्दल मला आदर आहे, तरी या भांडणात मी रायनच्या बाजूचा आहे.

(दृश्य : मिलवॉकी, मिशिगन स्ट्रीट. मिचेल बिल्डिंगचं नक्षीदार दर्शनी रूप.)

याच दशकात एडवर्ड टाउनसेंड मिक्स या वास्तुकाराने त्याच्यासाठी ही इमारत बांधली. बँक आणि रेल्वे, दोन्हींचा कारभार इथून चाले. 19 एप्रिल 1887 रोजी न्यूयॉर्कमध्ये मिचेल वारला. फॉरेस्ट होम दफनभूमीत त्याला मिलवॉकीनेच जागा दिली. नातू बिली मिचेल पुढे अमेरिकी हवाई दलाचा आद्य पुरस्कर्ता ठरला, आणि शहराच्या विमानतळावर आज त्याचं नाव आहे.

गोष्ट मात्र 1893 मध्ये संपते. पुन्हा मंदी आली, पुन्हा रांग लागली, आणि या वेळी अलेक्झांडर मिचेलची बँक खरोखरच बंद पडली. मुलगा जॉन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सिनेटर होता. त्याने आणि त्याच्या भागीदारांनी आपली खासगी मालमत्ता पुढे केली, आणि ठेवीदारांचा पैसा फेडला.

(दृश्य : पुन्हा तोच कागद. सचिवाची सही. पडदा काळा.)