माय आला

(दृश्य : धारणी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिलीचा वर्ग.)

फळ्यावर खडूनं पेला काढलाय. सर विचारतात, "यात काय आहे?" वर्ग गप्प. मागून हळूच आवाज येतो, "डा."

डा म्हणजे पाणी. कोरकूत.

मेळघाटातल्या या मुलांच्या घरी कोरकू बोलतात. बाजारात हिंदी कानावर पडते. आणि सहाव्या वर्षी पुस्तकातली मराठी समोर उभी राहते. कोरकू मुंडा भाषाकुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. त्यामुळे उत्तर ठाऊक असूनही मूल गप्प बसतं, आणि त्याच्या नावापुढे शेरा पडतो, ‘अप्रगत’. हा शब्द ऐकला की जीव तुटतो.

सर आता घरच्या गोष्टी विचारतायत. एक मुलगी उभी राहते. "माय बाजारातून आला."

इथे कुणी हसलं, तर ती पुन्हा लवकर तोंड उघडणार नाही. सर हसत नाहीत. त्यांना माहीत आहे, की कोरकूत नामांचा भेद सजीव-निर्जीव असा होतो; बाई आली, बुवा आला, असं क्रियापद बदलत नाही. पोरगी तिच्या भाषेचा नियम मराठीला लावतेय. शिवाय मराठीत नसलेलं द्विवचन कोरकूनं जपलंय. दोघांसाठी वेगळं रूप! ते या चिमुरडीला कुणी न शिकवता येतं.

"हो का? माय आली? काय आणलं मायनं?" सर विचारतात. ती सांगत सुटते, अर्धं कोरकूत, अर्धं मराठीत. तिला कुणी थांबवत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं : शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. पण खालच्या सपाटीवरून बदलून आलेल्या शिक्षकाला कोरकू शिकवायची कुणी?

(दृश्य : सर मुलांमध्ये जमिनीवर बसलेत. बोटं मोजतायत.)

"मिया... बारी..." तिसऱ्या बोटाशी सर अडखळतात.

"आफई!" अख्खा वर्ग ओरडतो.

सर म्हणून बघतात. जमत नाही. मघाची ती मुलगी पुढे सरकते, सरांचं तिसरं बोट धरते आणि सावकाश म्हणते, "आ-फ-ई."