कोण कोणाला विचारतं?

(दृश्य : कारखान्याची कृष्णधवल छायाचित्रं. टेलिफोनच्या तारांचे जुडगे.)

कामावर अडलं की कोण कोणाकडे जातं, याचे नकाशे माणसं पूर्वीपासून काढत आली आहेत. त्यातला एक जुना नकाशा अमेरिकेतला. शिकागोला लागून असलेलं सिसेरो. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना इथे होता. टेलिफोन एक्सचेंजची यंत्रं इथे बनायची आणि ऐन भरात सुमारे ४० हजार माणसं कामाला होती. नोव्हेंबर १९३१ मध्ये त्यातल्या फक्त १४ जणांना अभ्यासासाठी एका वेगळ्या खोलीत बसवलं. नऊ जण वायर जोडणारे, तिघं सोल्डरिंग करणारे, दोघं तपासनीस. शिवाय वही घेऊन बसलेला एक निरीक्षक.

कोणी कोणाच्या हाताखाली काम करायचं, हे कंपनीच्या तक्त्यावर लिहिलेलंच होतं. निरीक्षकाने टिपलं ते तक्त्याबाहेरचं. पैजा कोण कोणाशी लावतं, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून कोणाची जुंपते, काम आपसात कोण बदलून घेतं, कोण कोणाचा मित्र, कोणाचं कोणाशी पटत नाही. मग प्रत्येक गोष्टीची वेगळी आकृती काढली. माणसं म्हणजे वर्तुळं, नाती म्हणजे रेषा. खरी नावं मात्र कुठेच नाहीत. फक्त डब्ल्यू १, एस १, आय १ अशा खुणा.

(दृश्य : आकृत्या एकामागून एक कागदावर उमटतात.)

मैत्रीची आकृती पाहिली की खोलीचे सरळ दोन तुकडे दिसतात. पुढे बसणाऱ्यांचा एक कंपू, मागे बसणाऱ्यांचा दुसरा. दोन्हीकडच्यांना आपणच वरचढ वाटायचं. पण मदतीची आकृती पाहा. तिथे रेषा पुढून मागे, मागून पुढे बिनधास्त जातात. एरवी एकमेकांना टोमणे मारणारेही, समोरच्याचं काम मागे पडलं की त्याच्या तारा जोडून देत होते. आणि गंमत म्हणजे अशा मदतीला कंपनीची मनाईच होती!

पण मदत होते तिथे सगळं गोडीगुलाबीचंच असतं, असं समजू नका. कंपनीच्या हिशेबाने एका माणसाने दिवसाला ७,३१२ जोड करायला हवे होते. खोलीचा हिशेब निराळा. ६,६०० च्या आसपास थांबायचं. जास्त केलं तर उद्या मजुरीचे दर कापतील, नाहीतर कोणाची तरी नोकरी जाईल. बाहेर मंदी होती, ही भीती काही हवेतली नव्हती. जो भराभर हात चालवील त्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. त्यालाही उलट एक गुद्दा मारायची मुभा असायची. वरिष्ठांना हे सगळं माहीत होतं. ते काणाडोळा करायचे.

एकमेकांना सांभाळून घेणारी माणसं तीच, आणि काम रोखून धरणारीही तीच. रेषा काढणाऱ्याला यातली एकच बाजू उचलता येत नाही. अशा नकाशांचं कौतुक करणारे हे सोयीस्करपणे विसरतात, असं मला वाटतं.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचं दाट जाळं.)

आता वहीची गरज उरली नाही. कोणी कोणाला मेल केला, कोणाच्या मीटिंगमध्ये कोण होतं, यावरून संगणक आकृती काढून देतो. २००३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने बुडालेल्या एन्रॉन कंपनीचे लाखो मेल खुले केले, तेव्हा संशोधकांनी त्यातून असेच नकाशे काढले. त्या मेलमध्ये लोकांची घरगुती पत्रंही होती. पण मेल गेला एवढंच त्यातून कळतं. प्रश्न सुटला का, हे ठिपका सांगत नाही. चहाच्या टपरीवर सुटलेला प्रश्न तर या नकाशात येतच नाही.

(दृश्य : उघडलेलं फोटोकॉपी यंत्र. तंत्रज्ञाचे हात.)

तसलेच प्रश्न ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने पाहिले. १९८०च्या दशकात झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर तो हिंडला. कंपनीने त्यांना जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या. अमुक कोड दिसला की तमुक भाग तपासा. पण कधी कधी यंत्र एक कोड दाखवायचं आणि बिघाड निघायचा भलतीकडेच. मग दोन तंत्रज्ञ यंत्रासमोर बसून जुने किस्से काढायचे. ‘त्या ऑफिसातलं यंत्र आठवतं?’ अशा धर्तीवर. एकाचा किस्सा दुसऱ्याला काहीतरी आठवून देई आणि हळूहळू बिघाड सापडे. न्याहारीच्या टेबलावरही हेच चालायचं. वरून बघणाऱ्याला तो टाइमपास वाटला असता.

१९९०च्या दशकात झेरॉक्सने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. सुरुवात फ्रान्समध्ये, तिथल्या मिनिटेलवरून. मिनिटेल म्हणजे टेलिफोनच्या तारेला जोडलेला, घरोघरी असलेला छोटा पडदा आणि कळफलक. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, दुसऱ्या जाणत्या तंत्रज्ञांनी ती तपासायची, मग ती सगळ्यांना खुली. युक्तीमागे रोख बक्षीस द्यावं, असाही विचार निघाला. तंत्रज्ञांना ते नको होतं. युक्तीखाली आपलं नाव असावं, एवढंच त्यांनी मागितलं. म्हणजे ती चुकीची निघाली, तर फोन कोणाला करायचा हेही सगळ्यांना कळणार होतं.