बंदी संपली, हिशेब बाकी

मित्रहो, 2006 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांची चार बाय शंभर मीटर रिले ब्रिटननं जिंकली. जिंकल्यावर चौघांनी मिळून मैदानाला फेरी मारायची असा रिवाज. डॅरेन कॅम्पबेल त्या फेरीत सामील झाला नाही, कारण संघात ड्वेन चेंबर्स होता. 2002 मध्ये याच स्पर्धेतली हीच शर्यत दोघांनी एकत्र जिंकली होती. पुढं चेंबर्स टीएचजी या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडला, आपण 2002 पासूनच औषधं घेत होतो असं त्यानं कबूल केलं आणि चौघांचंही सुवर्ण गेलं. बाकीच्या तिघांनी काहीही केलेलं नव्हतं.

चेंबर्सनं दोन वर्षांची बंदी पुरती भोगली होती. नियमानं तो तिथं धावायलाच हवा होता. आणि कॅम्पबेल चुकला, असंही मला म्हणवत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बंदी भोगून आलेल्याला खेळू द्यावं. एकदा सापडला की कायमचा बाहेर, ही मागणी ऐकायला बरी वाटते. पण डोपिंगचा कायदा फार कडक आहे. नमुन्यात द्रव्य निघालं की जबाबदार खेळाडूच, मग ते शरीरात कसंही गेलेलं असो. भेसळीच्या प्रथिन पावडरीतूनही ते जाऊ शकतं. अशा कायद्याला आजीवन बंदीची जोड दिली, तर कधी ना कधी निर्दोष माणूस आयुष्यातून उठणार. शिवाय 2015 पासून जाणूनबुजून केलेल्या पहिल्या गुन्ह्यालाही चार वर्षं आहेत. शंभर मीटर धावणाऱ्याच्या उमेदीतून चार वर्षं काढली की उरतं किती?

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2008 मध्ये वेगळा मार्ग काढला होता. सहा महिन्यांहून जास्त बंदी झालेल्याला पुढचं ऑलिंपिकही बंद. 2011 मध्ये क्रीडा लवादानं तो नियम रद्द केला. डोपिंगविरोधी जागतिक संहितेत नसलेली ही वाढीव शिक्षा आहे, असं ठरलं. ब्रिटनचा ऑलिंपिकमधून आजीवन वगळण्याचा नियमही 2012 मध्ये असाच गेला आणि चेंबर्स लंडनला उपांत्य फेरीपर्यंत धावला.

आणखी एक कारण मला याहून मोठं वाटतं. परतीचं दार बंद झालेला माणूस तोंड कशाला उघडेल? 2008 मध्ये चेंबर्सनं आपल्याला औषधं पुरवणाऱ्या व्हिक्टर कॉन्टेचं पत्र ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती दिलं. काय काय, कधी आणि कशासाठी दिलं, सगळं त्यात होतं. चाचणीवाल्यांना चुकवायची युक्तीसुद्धा होती: खेळाडू स्वतःच्याच मोबाइलवर पुन्हा पुन्हा फोन करून निरोपांची जागा भरून टाकायचा, म्हणजे अधिकाऱ्यांना निरोप ठेवताच येऊ नये. असली माहिती प्रयोगशाळेत मिळत नाही. ती आतल्या माणसाकडूनच येते.

आता माझ्या मताला अडचणीत आणणारी गोष्ट. ती मला खरोखर अस्वस्थ करते. ऑस्लोच्या संशोधकांनी उंदरांना थोडे दिवस टेस्टोस्टेरॉन हे स्टेरॉइड दिलं, मग थांबवलं. स्नायू पूर्ववत बारीक झाले, पण त्या काळात स्नायूपेशींत वाढलेली केंद्रकं (पेशीची वाढ चालवणारे गाभे) निदान तीन महिने टिकली. उंदराच्या आयुष्यात तीन महिने म्हणजे बराच काळ. मग व्यायाम दिल्यावर या उंदरांचे स्नायू सहा दिवसांत सुमारे 30 टक्के वाढले; इतरांचे जेमतेम. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. उंदरांवरून माणसाचा निकाल लावू नये, हे मान्य. पण माणसातही असंच होत असेल, तर बंदी संपल्यावरही औषधाचा फायदा अंगात राहतो. म्हणून स्टेरॉइडची बंदी आणि सर्दीच्या औषधातल्या उत्तेजकाची बंदी एकाच मापानं मोजू नये. वर्षं ठरवताना द्रव्य शरीरात मागं काय ठेवून जातं, ते बघावं.

प्रेक्षकांनी हुर्यो उडवली म्हणून काही साधत नाही. 2017 मध्ये लंडनला डोपिंगची बंदी भोगून आलेल्या जस्टिन गॅटलिननं बोल्टला हरवलं, तेव्हा अख्खं स्टेडियम ओरडलं. त्या ओरडण्यानं कुणाचं गेलेलं पदक परत आलं?

परतफेड त्या लोकांची व्हायला हवी. ॲडम नेल्सन 2004 च्या ऑलिंपिकमध्ये गोळाफेकीत दुसरा आला. विजेत्याचा जपून ठेवलेला नमुना आठ वर्षांनी पुन्हा तपासला तेव्हा दोष निघाला, आणि 2013 मध्ये नेल्सनला त्याचं सुवर्ण अटलांटा विमानतळावर, खाण्याच्या दुकानांच्या गर्दीत सोपवण्यात आलं. अलीकडे यात सुधारणा झाली आहे. लशिंडा डेमसला लंडन 2012 चं अडथळा शर्यतीचं सुवर्ण 2024 मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकदरम्यान, प्रेक्षकांसमोर मिळालं. पण मधली बारा वर्षं, त्यातले प्रायोजक, मानधन?

चेंबर्सला पुन्हा धावण्यासाठी बक्षिसाची रक्कम परत करण्याची अट घातली होती. ही अट सगळ्यांना लागू करा. तो पैसा संघटनेच्या तिजोरीत न जाता ज्याचं पदक हुकलं त्याला द्या, आणि पुरवठादाराचं, प्रशिक्षकाचं, डॉक्टरचं नाव सांगितल्याशिवाय जाणूनबुजून घेणाऱ्याला परतीचा परवाना देऊ नका. एवढं करून जो आरंभरेषेवर येईल, त्याच्या शेजारच्या लेनमध्ये मी माझ्या शिष्याला बिनदिक्कत उभा करीन.