कोटाच्या अस्तरातला कागद

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'मनःशांतीचा सोपा मार्ग'. मी कळवला होता 'देवाच्या जवळ जाणं'. त्यात 'सोपा' कुणी घातला, माहीत नाही. ज्याने घातला त्याने इथे उभं राहावं, मी खाली बसून ऐकतो. (हशा)

आधी माझं गाऱ्हाणं. पहाटे मी ज्या कोपऱ्यात डोळे मिटून बसतो, नेमकं तिथेच वरच्या मजल्याचं पाणी गळतं. टप्. मग बराच वेळ काही नाही. ओठांवर देवाचं नाव, कान पुढच्या थेंबाकडे. आणि थेंब नाही पडला की जास्तच त्रास! महिनाभर त्या अर्ध्या तासात मी एकच काम केलं: वरच्यांना लिहायच्या पत्राचा मसुदा. काय पत्र जमलं होतं! एकेक विशेषण तासून बसवलेलं. सुरुवातच 'अनेकवार तोंडी विनंती करूनही' अशी. बायको म्हणाली, "हल्ली ध्यानातून उठता तेव्हा बसण्याआधीपेक्षा जास्त चिडलेले असता." मी म्हटलं, "साधना खोल चाललीय." तिने काही न बोलता एक पातेलं आणलं, आत फडकं घातलं आणि थेंबाखाली ठेवलं. आवाज बंद. दुसऱ्या दिवशी बसलो, तर पत्र चालूच! उलट एक परिच्छेद वाढला.

इथे मला पास्कल आठवतो. माझी भाषणं आधी ऐकलेल्यांनी आता डुलकी काढायला हरकत नाही. १६४८ साली या फ्रेंच गणितज्ञाने बहिणीच्या नवऱ्याला पाऱ्याची नळी घेऊन प्युई द दोम डोंगर चढायला लावला. स्वतः नाही गेला, विद्वान माणूस! वर जावं तसा पारा उतरत गेला. म्हणजे हवेला वजन आहे. दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार घेऊन आपण सगळे इथे बसलोय आणि चिरडत नाही, कारण आतूनही तेवढाच दाब बाहेर रेटतोय. हे लक्षात ठेवा, परत येतो.

आता दुसरी गोष्ट. २३ नोव्हेंबर १६५४. रात्री साडेदहाच्या सुमारापासून साडेबारापर्यंत या माणसाला काहीतरी अनुभव आला. त्याने कागदावर 'अग्नी' असा एकच शब्द एका ओळीत लिहिला. खाली लिहिलं की हा बायबलमधल्या अब्राहम, इसहाक, याकोब यांचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. कागद कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. १६६२ मध्ये तो गेला, तेव्हा नोकराच्या हाताला अस्तरात काहीतरी जाड लागलं, म्हणून कळलं. आठ वर्षं अंगावर, आणि कुणाला पत्ता नाही! आपल्याकडे असा अनुभव आला असता तर सकाळपर्यंत... असो.

आणि हा गृहस्थ त्यानंतर मवाळ झाला म्हणता? छे. दुखणी सुटली नाहीत, ३९ व्या वर्षी गेला. मधल्या काळात, १६५६-५७ मध्ये, त्याने धर्माच्या वादातल्या प्रतिपक्षाविरुद्ध अठरा झणझणीत पत्रं लिहिली. हे वाचून मला फार दिलासा मिळाला होता.

चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटं.' अहो, मुख्य मुद्दा आत्ता सुरू होतोय!

बरं, धावत सांगतो. बाहेरचा दाब कमी कर म्हणून आपण देवाकडे जातो, झोपेची गोळी मागावी तसं. तो कमी होईलच असं नाही. पास्कलचा झाला नाही. माझं म्हणणं एवढंच की देवाच्या सहवासात आतला दाब भरतो. तो कसा, हे सविस्तर सांगणार होतो, राहिलं. जवळ जायचं म्हणजे विचार हाकलून कोरं होऊन जायचं, हे माझ्याच्याने होत नाही. म्हणून एके पहाटे मी ते पत्रच देवापुढे मोठ्याने वाचलं. 'अनेकवार तोंडी विनंती' पाशी जीभ अडली. कारण मी वर एकदाही गेलो नव्हतो.

तेव्हा गेलो. त्यांना गळतीचा पत्ताच नव्हता. प्लंबर सोमवारी येणार म्हणाले. कोणत्या सोमवारी, ते अजून ठरायचंय. पातेलं आहे तिथेच आहे. दुसरी चिठ्ठी येतेय, थांबतो.