मानाचा वाटा

नमस्कार, श्रोतेहो.

ट्रॉयचं युद्ध कशासाठी झालं, असं कुणालाही विचारा, उत्तर येईल: हेलनसाठी. ग्रीक राजा मेनेलेअसच्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या ट्रॉयच्या राजपुत्राने, पॅरिसने, त्याची बायको हेलन नेली, तेव्हा ग्रीक राजे जहाजं घेऊन निघाले. पण ग्रीक कवी होमरचं महाकाव्य ‘इलियड’ सुरू होतं ते अकिलीसच्या रागापासून, आणि हा राग शत्रूवरचा नाही. युद्धाचं दहावं वर्ष चालू असताना ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा आपल्याच सेनापतीशी भांडून लढाई सोडून बसतो.

भांडण होतं लुटीच्या वाटणीवरून. गाव जिंकलं की लूट सगळ्या सैन्यादेखत वाटली जाई आणि मानकऱ्यांना खास वाटा मिळे. हा वाटा म्हणजेच त्या माणसाची समाजातली किंमत. आपल्याला मान ही मनातली गोष्ट वाटते, या लोकांना ती डोळ्यांनी दिसावी लागे. ग्रीकांचा हा योद्धा अकिलीस, त्याच्या वाट्याला ब्रिसेइस ही पकडून आणलेली स्त्री आली होती. सेनापती ॲगमेम्नॉनला स्वतःच्या वाट्याची स्त्री परत करावी लागली, म्हणून त्याने ब्रिसेइस उचलून नेली. बाईला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तिचा नवरा आणि तिघे भाऊ याच युद्धात मारले गेले होते. ते तिच्याच तोंडून आपल्याला कळतं, पण थेट एकोणिसाव्या सर्गात, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर ती आक्रोश करते तेव्हा. वीरांच्या मानापमानाबद्दल बोलताना मला ही बाई विसरता येत नाही.

पहिल्याच भांडणात अकिलीस म्हणतो: ट्रोजनांनी माझं काय वाकडं केलंय? त्यांनी कधी माझी गुरं पळवली नाहीत, घोडे पळवले नाहीत, माझ्या फ्थिया देशातलं पीक उद्ध्वस्त केलं नाही. मी आलो तो तुमच्या मानासाठी.

मग ग्रीक हरू लागतात आणि ॲगमेम्नॉन नमतं घेतो. नवव्या सर्गात त्याचे दूत भेटींची यादी घेऊन येतात: सात तिवया, सोन्याची दहा वजनं, वीस हंडे, शर्यती जिंकणारे बारा घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, शिवाय ब्रिसेइस. घरी परतल्यावर राजाची एक मुलगी आणि सात नगरं. त्या काळच्या रीतीप्रमाणे मानाची पुरेपूर भरपाई झाली. अकिलीस ती नाकारतो. तो म्हणतो, गुरं-मेंढरं लुटून आणता येतात, तिवया मिळवता येतात, पण माणसाचा प्राण एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेला की लुटूनही परत आणता येत नाही. बायकोवर प्रेम काय फक्त अत्रेउसच्या मुलांनाच करता येतं, असंही तो विचारतो. अत्रेउसची मुलं म्हणजे मेनेलेअस आणि ॲगमेम्नॉन. युद्धाचं जाहीर कारणच तो उपटून काढतो. माझ्या मते ‘इलियड’ला निव्वळ शौर्यगान म्हणणाऱ्यांनी हा सर्ग नीट वाचलेला नाही.

ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा राजा सार्पेडॉन हाच हिशेब दुसऱ्या टोकाने मांडतो. पंगतीत आपल्याला पहिली जागा, मांसाचा उत्तम तुकडा, भरलेला पेला आणि नदीकाठची जमीन मिळते, तेव्हा आपण आघाडीला उभं राहायलाच हवं, असं तो आपल्या सोबत्याला, ग्लॉकसला, सांगतो. आणि लगेच म्हणतो, गड्या, आपण अमर असतो तर मी लढलोही नसतो, तुलाही पाठवलं नसतं.

ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर, त्याला तर बायको, तान्हं मूल, सगळं दिसत असतं. तरी तो वेशीबाहेर पडतो, कारण गावातल्या बायाबापड्यांसमोर भित्रा ठरण्याची त्याला लाज वाटते. त्या लाजेपायी तो पॅट्रोक्लसच्या मृत्यूनंतर पुन्हा लढाईत उतरलेल्या अकिलीसच्या हातून मारला जातो.

शेवटच्या सर्गात त्याचा म्हातारा बाप प्रायम रात्री अकिलीसकडे येतो आणि मुलाला मारणाऱ्याचे हात चुंबतो. प्रेत मिळतं. अंत्यसंस्काराला किती दिवस हवेत, असं अकिलीस विचारतो. प्रायम सांगतो: नऊ दिवस शोक करू, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी त्याच्यावर ढिगारा रचू, आणि बाराव्या दिवशी लढू, लढावंच लागलं तर.