एवढं काही नव्हतं

(टेबल. तीन खोके. खिडकीतून येणारं सकाळचं ऊन.)

हे जे तीन खोके दिसतायत ते बुटांचे आहेत, एकाच्या झाकणावर साइजचा स्टिकर अजून तसाच आहे. आत पत्रं आहेत, सगळी एकाच पुस्तकाला आलेली. एका बाईनं स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहिलेलं पुस्तक, म्हणजे घराचं दार लागल्यावर आत काय व्हायचं त्याबद्दल, मार, कोंडून ठेवणं, दिवसच्या दिवस कुणी तिच्याशी न बोलणं, आणि बाकीचं जे तिनं दीड पानात उरकलंय, आपणही त्याच्या पुढे जाणार नाही. तिचं नाव आम्ही सांगणार नाहीये. चेहराही नाही. हात दाखवायला ती हो म्हणाली, म्हणून शेवटपर्यंत तुम्हाला हातच दिसतील.

(कात्री. पाकिटाची कड.)

पत्रं प्रकाशकाकडे येतात, त्यांच्याकडून महिन्यातून एकदा गठ्ठा येतो. ती पाकीट वरून फाडत नाही, बाजूची कड कात्रीनं कापते, अगदी दोराएवढी. सुरुवातीला एकदा घाईत फाडलं आणि आतलं पत्रच फाटलं, नेमका सहीचा कोपरा गेला, तो चिकटपट्टीनं जोडला तरी नाव काही लागलं नाही. तेव्हापासून कात्री. ईमेल आलं तर त्याचीही प्रिंट काढते, कारण स्क्रीनवर वाचलं की एका सेकंदात पुढचं काहीतरी समोर येतं आणि ते तिला बरोबर वाटत नाही. दिवसाला चार पत्रं, जास्त नाही. संध्याकाळनंतर एकही नाही. उभं राहून वाचते, का ते आम्ही विचारलं नाही, पण प्रत्येक वेळी उभी राहिली म्हणून प्रत्येक वेळी आम्ही शूट केलं.

आता हे पत्र बघा. नाव झाकायला पांढरी पट्टी आम्ही लावलीये, बाकी जसंच्या तसं आहे. पहिली ओळ खोडलेली. दुसरी पण खोडलेली, इतकी की पेन कागदातून आरपार गेलंय, उलट्या बाजूनं हात फिरवला तर उंचवटा लागतो. आणि तिसरी ओळ: माझं तुमच्यासारखं एवढं काही नव्हतं.

पहिल्या खोक्यातलं जवळजवळ प्रत्येक पत्र इथूनच सुरू होतं. शब्द थोडे इकडेतिकडे. माझं एवढं काही नव्हतं. आमच्याकडे फक्त पट्टा असायचा. मला हॉस्पिटलमध्ये वगैरे कधी न्यावं लागलं नाही. वडील प्यायचे नाहीत, नोकरी चांगली होती, बाहेर सगळे त्यांना मानायचे. आणि मग त्याच्याखाली सहा पानं. दोन्ही बाजूंनी. तिसावं-चाळिसावं वर्ष गाठलेली माणसं, काही साठीपुढची, आणि प्रत्येक जण आधी माफी मागतोय की तुमचा वेळ घेतोय. हे बघताना कॅमेऱ्यामागे आम्हा सगळ्यांच्या एकच लक्षात आलं, ह्यातल्या कुणालाच आपल्यावर कुणी विश्वास ठेवेल असं वाटत नव्हतं, आणि म्हणून ते आपल्या बाजूनं आधीच किंमत पाडून सांगतायत.

(एक्सरे. मागून प्रकाश. लहान हाड.)

ही सवय एकट्या पत्र लिहिणाऱ्यांची नाही. शिकलेल्या डॉक्टरांनासुद्धा हे दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं पण मानवत नव्हतं. १९४६ मध्ये जॉन कॅफी नावाच्या बालरोग आणि एक्सरे तज्ज्ञानं लिहिलं होतं की काही तान्ह्या मुलांच्या डोक्यात रक्त साकळलेलं असतं आणि त्याच मुलांची हातापायाची लांब हाडं पण मोडलेली असतात, आणि घरचे म्हणतात काही पडलंबिडलं नाही. तरी उघडपणे बोलायला सोळा वर्षं गेली. १९६२ मध्ये हेन्री केंप आणि त्याच्या सोबतच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या ७१ हॉस्पिटलांकडून माहिती मागवली, एका वर्षात घरच्या मारानं जखमी झालेली ३०२ मुलं, त्यातली ३३ दगावली, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा. आणि त्यांनी ह्यावरच्या आपल्या लेखात एक गोष्ट लिहिली, जे सांगायला मूल फार लहान असतं किंवा फार घाबरलेलं असतं ते हाडं सांगतात. एक्सरेमध्ये जुनं मोडलेलं हाड पांढरट जाड दिसतं, एक भरत आलेलं, एक नुकतं मोडलेलं, म्हणजे एकदाच पडलं नाही हे उघडच आहे.

पण शब्दांच्या माराचा एक्सरे निघत नाही. खोलीत कोंडल्याचा निघत नाही. त्यासाठी ही पत्रं आहेत, आणि आमचं म्हणणं सरळ आहे, ती भावनिक प्रतिक्रिया म्हणून बाजूला ठेवायची नाहीत, ती साक्ष आहे.

(एक छापील फॉर्म. पेन चौकटीवर टिक करतंय.)

विचारलं की लोक सांगतात, हे पण आता माहीत झालंय. १९९५ ते १९९७ दरम्यान अमेरिकेत एका मोठ्या आरोग्य संस्थेनं तपासणीला येऊन गेलेल्या १७,००० हून जास्त लोकांना लहानपणाबद्दल लेखी प्रश्न विचारले, विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा ह्यांचं काम, १९९८ मध्ये पहिल्यांदा छापून आलं. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी निदान एक तरी वाईट अनुभव हो म्हणून सांगितला. आणि ही माणसं कोण, तर बहुतेक शिकलेली, विमा असलेली, चांगल्या घरातली म्हणतात ना तशी. ज्यांच्या लहानपणी असे अनुभव जास्त, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकार, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न जास्त आढळले.

(दुसरा खोका उघडतो.)

दुसऱ्या खोक्यात शेजारी आहेत. मावश्या, काका, एक-दोन शिक्षक. भिंतीपलीकडून आवाज ऐकलेली माणसं. एका बाईंनी लिहिलंय की आवाज सुरू झाला की त्या रेडिओ मोठा करायच्या, चाळीस वर्षं झाली, अजून रेडिओचा आवाज वाढवताना हात थांबतो. एकानं लिहिलंय की ती मुलगी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं घालून यायची आणि आम्ही तिला चिडवायचो. ही पत्रं छोटी आहेत आणि त्यात अक्षर फार नीट काढलंय, जणू निबंध तपासला जाणार आहे. ह्या लोकांबद्दल राग येणं सोपं आहे, आणि येतोही, पण लिहिलं तर त्यांनी आहे, न लिहिणाऱ्यांचा खोका कुठंच नाहीये.

तिसरा खोका आम्ही पूर्ण दाखवत नाही. जन्मदात्यांबद्दल असं लिहितात का, घरातलं चव्हाट्यावर मांडून काय मिळालं, पैशासाठी केलं, मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. बऱ्याच पत्रांची चाल एकच असते, आधी असं काही झालंच नाही म्हणायचं, मग सांगणाऱ्यावर चालून जायचं, आणि शेवटी आपणच बिचारे होऊन बसायचं. जेनिफर फ्रायड ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये ह्या चालीला डार्व्हो असं नावच देऊन टाकलं. नाव असलं की ओळखायला बरं पडतं. पुस्तक आल्यापासून तिचा भाऊ बोलत नाही, तिच्या लहानपणाचा एकही फोटो आता तिच्याकडे नाही.

(हात. पेन. कोरा कागद.)

ती उत्तर देते. सगळ्यांना, तिसरा खोका सोडून. दोनच ओळी, कधी तीन. तुमचं पत्र पूर्ण वाचलं. तुम्ही लिहिलंय त्यावर माझा विश्वास आहे. सल्ला देत नाही, माफ करा असं म्हणत नाही, सगळं ठीक होईल असंही नाही. आम्ही तिला उत्तर लिहिताना तीन दिवस शूट केलं, म्हणून सांगता येतं की दोन ओळींना तिला कधीकधी अर्धा तास लागतो. कुणी लिहिलं असेल की पत्र लिहून झाल्यापासून झोपच उडाली, तर त्याच्यासाठी एक ओळ जास्त असते, की हे होतं. ते खरंच होतं. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील ह्यांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं होतं, लिहून झाल्याझाल्या ती मुलं जास्त उदास दिसली, पण पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. प्रत्येकाला लिहून बरं वाटेल असं काही ह्यातून निघत नाही, आणि एकटं बसून सगळं उकरायची घाई करू नका हे पण ती लिहिते, सोबत कुणी असेल तर बघा म्हणते.

(क्लोजअप. अर्ध्या पानाचा तुकडा.)

हे सगळ्यात छोटं पत्र. वहीतून फाडलेला अर्धा कागद, पेन्सिल. त्यावर फक्त एवढंच, पान ११२. हो.

नाव नाही, पत्ता नाही. पान ११२ वर काय आहे हे तिला पुस्तक उघडून बघावं लागलं नाही. तो कागद ती खोक्यात ठेवत नाही, टेबलाच्या काचेखाली आहे. त्याचंही उत्तर तिनं लिहून ठेवलंय, पाकिटात घालून, पत्त्याची जागा मोकळी.

(दारावरची बेल. गठ्ठा.)

आज बारा आलीत. वर एक जाडजूड आहे, चिकटपट्टी चार ठिकाणी लावलीये. ती उभी राहते, कात्री घेते, आणि कडेनं कापायला लागते.