यांना शेवटचं ठीक कधी पाहिलं?

नमस्कार श्रोतेहो.

अंगावरून वारं गेलेला, म्हणजे पक्षाघात झालेला रुग्ण घेऊन घरची माणसं धावतपळत येतात, तेव्हा आमचा पहिला प्रश्न ऐकून त्यांतली काही वैतागतात. प्रश्न असतो, ‘यांना शेवटचं ठीक कधी पाहिलं?’ उत्तर येतं, ‘आत्ताच झालंय हो, सहाला उठले तर हात हलेना.’ पण सहा ही झाली उठण्याची वेळ. हात नेमका कधी गेला, ते झोपेत कुणी पाहिलंय? रात्री दहाला ते नीट बोलून झोपले असतील, तर आमचा हिशेब दहापासून सुरू होतो. घरचे म्हणतात, डॉक्टर उलटतपासणी कसली घेताय, औषध द्या. आणि औषध द्यायचं की नाही, हे बरंचसं त्याच उत्तरावर ठरणार असतं.

पक्षाघाताचे प्रकार दोन. बहुतेकांत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. बाकीच्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडतो, जीभ जड होते, कधी अचानक दिसेनासं होतं, कधी तोल जातो. कितीही मुरलेला डॉक्टर असो, नुसतं पाहून कुठला प्रकार ते खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी सिटी स्कॅनच लागतो. म्हणूनच घरात असलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी ‘असू दे, गुण येईल’ म्हणून तोंडात घालू नका. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरू शकते. पाणीसुद्धा पाजू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून देतात. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांत ते दिलं तर फायदा होतो, हे 1995 साली सिद्ध झालं आणि 2008 मध्ये ही मर्यादा साडेचार तासांवर गेली. मात्र ‘साडेचार तास आहेत की हातात’ असं समजून निवांत राहू नका. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की उपचाराविना मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा एक प्रसिद्ध हिशेब आहे. चौथ्या तासाला दिलेल्या औषधाला पहिल्या तासाची ताकद नसते.

इथे मला फिनलंडमधल्या हेलसिंकीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात 1998 साली रुग्ण दारात आल्यापासून हे औषध टोचेपर्यंत साधारण 105 मिनिटं जात. 2011 पर्यंत ती 20 वर आली. औषध तेच होतं, बदलला तो कामाचा क्रम. रुग्णवाहिकेतून आधी फोन येऊ लागला, रुग्ण वाटेत असतानाच त्याची जुनी माहिती काढली जाऊ लागली, सिटी स्कॅन तातडीच्या विभागात आणला गेला आणि औषध स्कॅनच्या टेबलावरच देऊ लागले. प्रादेशिक रुग्णालयांनी पक्षाघातासाठी काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगतो. नव्या यंत्राचं उद्घाटन सगळ्यांना आवडतं, पण कागदपत्रांच्या खिडकीवर जाणारी पंधरा मिनिटं वाचवायला कुणी फीत कापायला येत नाही.

आता अशा रुग्णालयात रात्री दोन वाजता मेंदूविकारतज्ज्ञ हजर असेलच असं नाही. तो नसला तरी उपचार अडू नयेत. स्कॅनची चित्रं मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाला पाठवता येतात, तो पडद्यावर रुग्णाला पाहतो, इथला डॉक्टर औषध सुरू करतो. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर रुग्णाला पुढे पाठवतात आणि तिथे जांघेतल्या किंवा हातातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढतात. या उपचाराची भक्कम खात्री 2015 साली पटली. 2018 पासून तर, मेंदूचा वाचवण्याजोगा भाग शिल्लक आहे असं तपासणीत दिसलं, तर निवडक रुग्णांत तो 24 तासांपर्यंत करतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलेल्या झटक्यातही विशेष तपासण्यांनंतर काहींना औषध देता येतं. तेव्हा ‘आता वेळ गेली’ हा निकाल घरी बसून देऊ नका.

तुमच्याकडून एक तयारी मात्र हवी. रात्रंदिवस सिटी स्कॅन चालू असलेलं आणि गुठळीचं औषध देणारं सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं, ते आजच विचारून ठेवा. नुसतं ‘सर्वांत जवळचं’ पुरत नाही. आधी स्कॅन नसलेल्या ठिकाणी नेलं आणि तिथून पुढे पाठवलं, तर एक-दोन तास सहज जातात.

आता पाण्याबद्दल. पक्षाघातात गिळण्याचे स्नायू ढिले पडतात. घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो, कधीकधी ठसकाही लागत नाही, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. पक्षाघात कक्षात परिचारिका आधी गिळण्याची चाचणी करते, मगच तोंडाने काही देते. ताप, साखर, रक्तदाब, कूस बदलणं, पायात गुठळ्या होऊ न देणं, असंच काम तिथे दिवसभर चालतं. या कक्षाचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. पण अशा वेगळ्या कक्षात, सरावलेल्या चमूच्या देखरेखीखाली राहिलेले रुग्ण अधिक संख्येने वाचतात आणि स्वतःच्या पायांवर घरी जातात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. रक्तस्राव झालेल्यांनाही याचा तितकाच लाभ होतो.

काहींना आधी इशारा मिळतो. दहा मिनिटं बोबडी वळते, हात जड होतो आणि मग सगळं पूर्ववत. घरात हायसं वाटतं. खरा धोका मात्र पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. रक्तदाब हे सर्वांत मोठं कारण, आणि तो दुखत नाही हीच त्याची खोड. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केलेले कितीतरी लोक आमच्या खाटांवर असतात. तंबाखू, मधुमेह, बैठी दिनचर्या तुम्हाला ठाऊकच आहेत. पण नाडी कुणी पाहत नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या एका विकारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने त्यातला बराचसा टळतो.

घरी आल्यावरचा काळ सर्वांत लांब. लवकर हालचाल चांगली, हे खरं, पण पहिल्या 24 तासांत जोर लावून वारंवार चालवलेल्या रुग्णांचा निकाल उलट थोडा वाईट आला, असं 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. सुरुवात थोडी थोडी, आणि सांगतील तशीच. लुळ्या हाताला धरून रुग्णाला उठवू नका. खांदा निखळतो आणि मग दुखण्यापायी व्यायामच थांबतो. आणि मायेपोटी सगळंच हातात देऊ नका. बटण लावायला त्यांना पाच मिनिटं लागत असतील तर लागू द्या. हात शिकतो तो त्या पाच मिनिटांत.

बोलणं गेलं म्हणजे बुद्धी गेली, असं धरून लोक रुग्णासमोरच त्याच्याविषयी बोलतात. पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरने 1861 साली ज्या रुग्णाचं वर्णन केलं, त्याला ‘तां’ एवढंच म्हणता येत होतं, पण समोरच्याचं बरंच कळत होतं. छोटी वाक्यं बोला, उत्तर ‘हो-नाही’त देता येईल असं विचारा, आणि थांबा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. डाव्या बाजूचं ताट तसंच राहत असेल, दाढी अर्धीच होत असेल, तर तो हट्ट नव्हे. मेंदू त्या बाजूची दखलच घेत नसतो.

सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं. व्यायामाला नको म्हणतात, जेवण जात नाही, झोप लागत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘आळशी झालेत.’ यावर उपचार आहेत. पुढच्या तपासणीला याल तेव्हा रक्तदाबाच्या आकड्यांसोबत हेही सांगा. सांभाळणाऱ्या माणसाला झोप मिळते का, हेही सांगा. आम्ही विचारायला विसरलो तर आठवण करून द्या.

नमस्कार.